हरळी तरली, म्हणून ऊस तरेल काय?



कृष्णाकाठची कितीतरी रानं पांढरी पडली. पाणी अती, निचरा नाही. क्षार वर आले. आता शहाणे सांगतात, ‘निसर्ग जुळवून घेतो, तुम्हीही घ्या.’

निसर्ग कसा जुळवून घेतो ते ऐका. पाकिस्तानी पंजाबात मिठाच्या डोंगररांगेत आपलीच हरळी उगवते. शास्त्रज्ञांनी ती आणि फैसलाबादच्या साध्या रानातली हरळी एकसारख्या खाऱ्या पाण्यात वाढवली. डोंगरातली टिकली, दुसरी मागे पडली. म्हणजे गुण वाणातच उतरलेला. तो कुणी शिकवला नाही. पिढ्यान्‌पिढ्या खारात न टिकणारी रोपं मेली. टिकली त्यांचाच वंश पुढे गेला.

मरणाची ही किंमत गवताला परवडते. आमचा एक हंगाम बुडाला तर सोसायटी दारात उभी! शिवाय ऊस आम्ही कांडीने लावतो. वर्षानुवर्षं तेच वाण; निवड होणार कुठून?

खारात टिकणारं बियाणं जरूर शोधा. पण त्याच्या नावाखाली चर टाळू नका. सरकारने पाणी दिलं, आता निचराही द्यावा. ही भीक नाही, आमचा हक्क आहे!