केबल बदलण्याआधी प्लग तपासा

संपादक महोदय,

कॅट-५ई दर्जाची नेटवर्क केबल काढून कॅट-८ दर्जाची टाकली की घरचे इंटरनेट वेगवान होते, हे आपल्या लेखातले विधान दिशाभूल करणारे आहे. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. २०१६च्या मानकानुसार २.५ गिगाबिटही. कनेक्शनच २०० मेगाबिटचे असेल, तर महाग केबल त्यात भर कुठून घालणार? घरातल्या घरात मोठ्या फायली हलवायला वरचा दर्जा लागेल, हे मान्य. पण त्यासाठी दोन्ही टोकांची पोर्टही तेवढ्या वेगाची हवीत. वेग १०० मेगाबिटवर अडकतो तो बहुधा प्लगमधल्या आठांपैकी एखादी तार नीट न बसल्याने. खरी फसवणूक आहे ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलची. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसेल. तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

— एक वाचक, नाशिक