भिंतीवरचं गाव

चित्र हे चित्र असतं, त्यात जात कुठून आली? असं म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल हाय. तुमच्या दिवाणखान्यात जे गाव टांगलंय, त्यात आमचा म्हारवाडा कुठंय?

मी चाळीस वर्षं चौकटी केल्या. १९७२ च्या दुष्काळात बा आम्हाला घेऊन मुंबईला आला आणि मी एका फ्रेमवाल्याकडं काचा पुसायला लागलो. पुढं पट्टी कापायला शिकलो, माउंट लावायला शिकलो. तयार चित्र घेऊन शेठच्या, डॉक्टरच्या, प्रोफेसरच्या घरी जायचं, ओळंबा धरायचा, खिळा ठोकायचा. मेणवलीचा घाट, नाशिकची गोदावरी, पावसातलं खेडं, सांजेला परतणारी गुरं, पाणवठ्यावरच्या बाया. खोटं कशाला बोलू, मला आवडायची ती चित्रं. जलरंगवाला कागद कोरा ठेवून ऊन काढतो, ही काय साधी गोष्ट हाय?

पण १८५७ पासून जे. जे. स्कूलात शिकवत आले, की समोर दिसतं ते काढा. दिसतं कुणाला? कुठं उभं राहून? चित्रकार देवळाच्या पायरीवर बसतो, घाटावर स्टँड मांडतो. त्याला कुणी हटकत नाही. तिथनं गावकुसाबाहेरचं काही दिसत नाही, मग तो काढणार काय! त्याच्या पाणवठ्यावर बाया हसत घागरी भरतात. माझी आई तसल्याच पाणवठ्यापासनं लांब, उन्हात दुपारभर बसायची, कुणीतरी वरनं ओतेल म्हणून. १९२७ साली महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ती काय निसर्ग बघायला गेली होती? आणि सांजेला परतणारी ती गुरं. त्यातलं एखादं मेल्यावर ओढून कोण नेत होतं? चाळीस वर्षांत असलं चित्र मी एकाही भिंतीवर लावलं नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्य रंगवला, देवदासी रंगवली. चित्रं हायत. त्यांच्यासाठी हॉलमध्ये खिळा नाही.

गावाला भाव मात्र जबरा. अमृता शेरगिलचं १९३७ चं ‘द स्टोरी टेलर’ २०२३ साली ६१.८ कोटींना गेलं. हुसेनचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना. हुसेनवर माझा राग नाही, सिनेमाची होर्डिंगं रंगवून वर आलेला माणूस तो. राग हाय तो या लाडक्या गावावर. बाबासाहेबांनी १९४८ सालीच घटनासमितीत या गावाचं सोंग फाडलं होतं. तरी ते सोंग अजून काचेत, मखमली माउंटवर.

आता आपल्या शिकलेल्यांनो, तुमच्याकडं वळतो.

भिंतीवरची तसबीर म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. रविवर्म्याच्या छापखान्यानं १८९४ पासून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या, त्या आमच्या झोपडीतही आल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. माझा जन्म नंतरचा, पण आई सांगायची, बानं लक्ष्मीची तसबीर उतरवली, नदीत सोडली, आणि त्याच खिळ्यावर बाबासाहेबांचा फोटो लावला. खिळासुद्धा बदलला नाही. पैसे कुठं होते?

माझ्या लेकाकडं पैसे हायत. चांगली गोष्ट हाय. चित्रं घ्या की, महागातली घ्या, आपल्या पोरांनी काढलेली घ्या. त्यानं नव्या फ्लॅटसाठी पस्तीस हजाराचं निसर्गचित्र आणलं. विहीर, पिंपळ, चार बाया. आणि बाबासाहेब? ते आत, बेडरूममध्ये, कपाटाच्या बाजूला.

मी विचारलं तर म्हणाला, “आण्णा, सोसायटीतली माणसं येतात-जातात. उगीच प्रश्न नकोत.”

प्रश्न नकोत! ज्या विहिरीवर आजीला चढू दिलं नाही, ती विहीर हॉलमध्ये. आणि ज्यानं पाणी पाजलं तो आत. वर मलाच म्हणतो, “खिळा तुम्हीच ठोका, तुमच्यासारखा सरळ कुणाचा बसत नाही.”

मी म्हणालो, ठोकतो. दोन ठोकतो. हॉलमध्येच, एका उंचीवर, ओळंबा धरून. शेजारी शेजारी लावू दोघांना, मग येऊ दे सोसायटी.

तो अजून काही बोललेला नाही. चित्र कागदात गुंडाळलेलं सोफ्यामागं उभं हाय, आणि हातोडी माझ्या पिशवीत.