कालबाह्य प्रश्नांची उलटतपासणी

युनिक्सच्या परंपरेतले एखादे जुने सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून बांधायला घेतले, की प्रथम ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट संगणकाची उलटतपासणी सुरू करते. सी भाषेच्या प्रमाण हेडर फाइल्स आहेत का? आहेत. अमुक फंक्शन आहे का? तेही आहे. गेली कित्येक वर्षे उत्तर तेच. तरी प्रश्न विचारले जातातच.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ रचले, तेव्हा मात्र हे प्रश्न व्यर्थ नव्हते. सनओएस, अल्ट्रिक्स, एचपी-यूएक्स या प्रणाली एकाच कुळातल्या, पण प्रत्येकीचा आचार निराळा. सी भाषेचे अमेरिकी मानक १९८९ मध्ये ठरले होते. ते सर्व कंपायलरांच्या अंगवळणी पडायचे होते. गृहीत न धरता विचारून घ्यावे, हे त्या काळचे शहाणपणच होते.

पुढे त्यांतल्या बहुतेक प्रणाली अस्तंगत झाल्या. प्रश्न मात्र एका प्रकल्पातून दुसऱ्यात नकलून घेतले गेले. २०१२ मध्ये पॉल-हेनिंग कँप यांनी लिबटूलच्या ३१,०८५ ओळींच्या कॉन्फिगर स्क्रिप्टवर बोट ठेवले. ज्या युनिक्स प्रणालींत या हेडर फाइल्स नव्हत्या, त्यांच्यात लिबटूल चालवण्याइतकी मेमरीही नव्हती, हा त्यांचा टोला वर्मी लागणारा होता.

प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या मिनिटांचा असता तर दुर्लक्ष खपले असते. पण कोणी वाचत नाही अशा हजारो ओळी म्हणजे गडाची पहारा नसलेली बाजू. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्समध्ये चोरदरवाजा सापडला. त्याची पहिली पायरी वितरणाच्या संचातील, कॉन्फिगर स्क्रिप्ट घडवणाऱ्या एका फाइलमध्ये होती. गिटमधील सोर्स कोडात ती नव्हतीच. अँड्रेस फ्रॉइंड यांना तो गवसला, तो लॉगिनला लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबामुळे. ओळी वाचून नव्हे!

जुन्या तपासण्या काढल्याने इतिहास पुसला जाईल, ही हळहळ इतिहासप्रेमींना शोभते, पण ती अनाठायी आहे. काढलेली प्रत्येक ओळ गिटच्या दप्तरात तारखेसह राहते. दप्तर जपावे, दप्तरातील प्रत्येक जुना हुकूम रोज बजावण्याचे कारण नाही.

अर्थात, सरसकट कुऱ्हाड चालवणेही घातकच. लिनक्समधील लँडलॉक हे सुरक्षाकवच २०२१ मध्ये आले. ते सर्वत्र नसते, म्हणून त्याची तपासणी आवश्यकच. एक्सझेडच्या सीमेक फाइलमधील नेमक्या त्याच तपासणीत एक आगंतुक पूर्णविराम घातला गेला होता. त्यामुळे चाचणीचा कोड कधी कंपाइलच होत नसे आणि लँडलॉक उपलब्ध असूनही उत्तर येई: नाही.