कॅमेरा घेण्यापूर्वी

दोन वर्षे शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ३०,००० रुपये साठवले आहेत. त्यात एक वापरलेला, पण बऱ्या अवस्थेतला डिजिटल कॅमेरा येतो. घरात त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. दादा म्हणतो, "लगेच घेऊन टाक." आई म्हणते, "हातात मोबाइल आहे ना? मग हे डोहाळे कशाला?" शेवटी मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि गुण बाजूला ठेवून आधी दोष लिहायला बसले. गुण सांगायला दुकानदार आहेतच.

पहिला दोष खर्चाचा. सांगितलेली किंमत नुसत्या कॅमेऱ्याची असते. मागाहून जादा बॅटरी, मेमरी कार्ड आणि पिशवी येते. झाडावरचा पक्षी टिपायचा तर सोबतची लेन्स पुरत नाही, आणि मोठी लेन्स कॅमेऱ्याहूनही महाग पडू शकते. आमच्या चिपळूणच्या पावसाळी हवेत लेन्सला बुरशी धरते. म्हणजे हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आल्या. वापरलेल्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले आहे तेही विचारावे लागते. साध्या कॅमेऱ्यात त्याचे आयुष्य साधारण लाखभर फोटोंचे धरतात.

दुसरा दोष आकड्यांच्या भुरळीचा. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके! पण ६ × ४ इंची फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर १८०० × १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. बाकीचे मोठी चित्रे छापणाऱ्यांच्या किंवा फोटोचा तुकडा कापून वाढवणाऱ्यांच्या कामाचे. भिंतभर फोटो लावायला आमच्या घरात भिंत कुठे आहे?

तिसरा दोष मात्र माझ्या जिव्हारी लागलेला आहे. तो म्हणजे सुकाळाचा. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे आणि तो ते गणपतीपासून शिमग्यापर्यंत पुरवीत. रोल धुवून आला की घरभर फोटो फिरत आणि नातेवाइकांना पाठवायच्या प्रती आठवणीने काढल्या जात. उलट दादाच्या लग्नाचे दोन हजारांवर फोटो होते. ते सगळे आमच्यापैकी कोणीही कधी पाहिले नाहीत. "आहेत की हार्ड डिस्कवर," एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात शिरले. ती हार्ड डिस्क आणि आजोबांचे अल्बम एकाच कपाटात होते. हार्ड डिस्क पुन्हा सुरू झाली नाही. "पाहा, जुने तेच टिकाऊ!" असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण अल्बमांचाही लगदा झाला होता. वाचले ते दोनच प्रकारचे फोटो. विहिरीवर उभ्या असलेल्या तरुण आजीचा एक, कारण त्याची प्रत पुण्याच्या आत्याकडे होती. आणि लग्नाचे अकरा, कारण ते कोणीतरी मोबाइलवर पाहुण्यांना पाठवले होते.

तेव्हापासून मला वाटते की खरा प्रश्न कागद की डिजिटल हा नाही. दुसरी प्रत दुसऱ्या घरी आहे की नाही, हा आहे. डिजिटल फोटोची प्रत काढायला ना पैसा लागतो ना वेळ. म्हणूनच ती काढायची राहून जाते. हा दोष कॅमेऱ्यापेक्षा आपलाच आहे हे मला मान्य आहे. पण वस्तू घेताना आपले दोषही हिशेबात धरायला नकोत का?

तरीही मी कॅमेरा घेणार आहे. आईच्या प्रश्नाला माझे उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात आहे. तिथल्या अंधूक उजेडात माझा मोबाइल तिचा चेहरा गुळगुळीत करून टाकतो. आजीला आता चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. मला तिच्या सुरकुत्यांसकट तिचा फोटो हवा आहे.

मात्र कॅमेऱ्यावर २४,००० च खर्च करायचे असे ठरवले आहे. उरलेल्या ६,००० मध्ये एक हार्ड डिस्क घेऊन ती आत्याकडे ठेवायची, आणि दर वर्षी निवडून ३६ फोटो छापायचे. दादा म्हणतो, एवढ्यात जरा जुने मॉडेल मिळेल. मिळू दे.

तुमच्यापैकी कोणी कॅमेरा घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी घरच्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे ते एकदा पाहा. नसेल, तर पहिला खर्च तिच्यावर करा.