पूर्वपक्ष नसलेले निबंध

पदवीच्या वर्गांचे निबंध तपासताना आम्हां सहकाऱ्यांत दरवर्षी एकच तक्रार निघते : मुलांना भाषा येत नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, अर्धवट वाक्ये, गाईडमधून उतरवलेले परिच्छेद हे सारे खरेच आहे. तरीही मूळ दुखणे तिथे नाही, असे आमचे मत झाले आहे.

पिंप्राळ्यात आमच्यापुढे बसणारी पुष्कळ मुले शेतकरी घरांतली. केळीच्या भावावर ती बोलू लागली की ऐकत राहावे. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतला फरक ती आकड्यांनी सांगतात. व्यापारी काय म्हणेल हेही त्यांना ठाऊक असते : माल हलका, वाहतूक महाग, बाहेर उठाव नाही. त्यावर त्यांचे उत्तर तयार असते. विधान, पुरावा, पूर्वपक्ष आणि खंडन ही युक्तिवादाची चारही अंगे त्या बोलण्यात असतात. त्याच मुलाला ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ हा विषय द्यावा, तर वहीत बळीराजा येतो, जगाचा पोशिंदा येतो आणि शेवटी सरकारने लक्ष देण्याची गरज येते. केळी नसते, व्यापारीही नसतो.

कारण शाळेपासून निबंध म्हणजे वर्णन, कल्पनाविलास किंवा आत्मवृत्त. फाटक्या पुस्तकाच्या मनोगताला विरोध कोण करणार? ज्या लेखनात समोर कुणीच नाही, त्यात कारणे देण्याची गरजही उरत नाही.

वास्तविक आपल्याकडे ही शिस्त जुनीच आहे. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी त्या दृष्टान्ताचा सूत्राशी संबंध जोडणारे दार्ष्टान्तिक, अशी रचना आहे. आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट आमचे विद्यार्थीही रंगवून लिहितील. ती इथे का सांगितली, हे मात्र लिहायचे राहील.

अधिक जवळचे उदाहरण शेजारच्या बुलढाण्याचे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तिला उत्तर दिले. स्त्रियांवर लादलेले दोष त्या एकेक करून समोर घेतात आणि विचारतात, हाच दोष पुरुषांत नाही काय? भाषा रोखठोक, प्रसंगी शिवराळ. पण प्रतिपक्षाचे म्हणणे त्या कुठे टाळत नाहीत. म्हणूनच ते पुस्तक आजही उत्तर मागते.

यावर आमच्यापैकीच काहींचा आक्षेप असा : घरी अहिराणी, तावडी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलाला आधी शुद्ध मराठी वाक्य येऊ द्या, तर्क मग पाहू. आक्षेपात तथ्य आहे. सदोष वाक्यामुळे चांगला मुद्दाही वाया जातो आणि त्याची किंमत याच मुलांना मोजावी लागते. परंतु ‘तथापि’, ‘म्हणून’, ‘जरी-तरी’ हे शब्द व्याकरणाच्या तासाला पाठ होतात आणि विसरले जातात. कुणाचे म्हणणे अंशतः मान्य करून उरलेले नाकारायचे असेल, तेव्हाच ‘तथापि’ची गरज भासते. गरज निर्माण झाली की वाक्यही सुधारते, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

दोष मुलांना देऊन आम्हांला मोकळे होता येणार नाही. अपेक्षित प्रश्नांची उत्तरे आम्हीच लिहून देतो. आमच्या शोधनिबंधांतही निष्कर्ष आधी ठरतो आणि अवतरणे मागाहून गोळा होतात. आमच्याशी असहमत असलेल्या समीक्षकाचे म्हणणे आम्ही तरी कितीदा नीट मांडतो?

यापुढे आम्ही एक साधा नियम करू इच्छितो. निबंधाचा दुसरा परिच्छेद विरोधकाचा असावा, आणि तो वाचून विरोधकाने ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे म्हणावे. उत्तर त्यानंतर. गुण थोडे कमी-अधिक होतील. पण उद्या या मुलाला भावाच्या तक्रारीचा अर्ज स्वतः लिहावा लागेल, आणि तो वाचणाऱ्यावर ‘जगाचा पोशिंदा’ या शब्दांचा काहीही परिणाम होणार नाही.