ओ फोटोवाले, जरा बाजूला!

हैदराबादचा सहावा निजाम महबूब अली खान याने आपल्या दरबारी छायाचित्रकाराला, लाला दीनदयाळ यांना, 'राजा' हा किताब दिला होता. मी साताऱ्यात लग्नं, मुंजी, सत्कार आणि वाढदिवस टिपतो. मला आजवर मिळालेला सर्वोच्च किताब म्हणजे 'ओ फोटोवाले'. आणि त्याच्या पाठोपाठ, न चुकता, 'जरा बाजूला!'

बाजूला होतो. पण बाजूला झाल्यावर तोच गृहस्थ येऊन विचारतो, ''आमचा समोरून फोटो का नाही?''

या मंडळींचा आवडता सिद्धांत तुम्हीही ऐकला असेल: ''तुम्हाला काय हो, बटणच तर दाबायचं!'' सांगणारा बहुतेक वेळा दिवसभर कार्यालयात बसून बटणंच दाबत असतो, आणि त्याबद्दल त्याच्या खात्यावर दर महिन्याला पगार जमा होतो. मी कधी त्याच्या साहेबाला जाऊन म्हटलं नाही की याला काय द्यायचे पैसे, कीबोर्ड तर तुमचाच आहे. आमच्या बाबतीत मात्र न्याय वेगळा. फोटो म्हणजे अमूल्य ठेवा, असं सगळेच म्हणतात. अमूल्य आहे, म्हणून त्याचं मूल्य द्यायचं नसतं, हा पुढचा भाग ते बिल पाहिल्यावर सांगतात.

आता लग्नच घ्या. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा. पंचांग पाहून, गुण जुळवून, गुरू-शुक्राचे अस्त टाळून, मिनिटासकट काढलेला. आणि 12:37 ला नवरी कुठे असते? हॉलच्या दारात. कोरड्या बर्फाच्या धुरात. चार भाऊ तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरून घामाघूम झालेत, कारण ड्रोनची बॅटरी बदलायची राहिली आहे. गुरुजी थांबतात, मामा थांबतो, अक्षता मुठीत भिजतात. शुक्राचा अस्त नको म्हणून दोन महिने पुढे ढकललेलं लग्न ड्रोनच्या अस्तापायी आणखी वीस मिनिटं ढकललेलं कुणाला खटकत नाही. ज्योतिषशास्त्राने या नव्या ग्रहाची नोंद घ्यावी.

मग अंतरपाट दूर होतो. हा क्षण फार तर दीड सेकंदाचा. एवढा खर्च, एवढी धावपळ, एवढे मानपान, सगळं या दीड सेकंदासाठी. आणि त्या दीड सेकंदात माझ्या लेन्ससमोर काय असतं? सगळ्या वऱ्हाडाचे वर गेलेले मोबाइल. मधोमध एक काका, हातात टॅबलेट. हा टॅबलेट वर्षभर नातवाच्या कार्टूनसाठी असतो, लग्नसराईत तो छायाचित्रणाच्या सेवेत रुजू होतो. काकांचा तो व्हिडिओ पुढे कुणीही पाहत नाही. काकासुद्धा नाहीत. पण माळ घालतानाच्या फोटोत काकांचं कोपर आलं की दोष कुणाचा?

बरोबर.

उजेडाची गोष्ट तर विचारूच नका. हॉलमालकाला कुणीतरी सांगितलंय की भव्यता जांभळ्या रंगात असते. म्हणून स्टेजभर जांभळे, निळे, गुलाबी एलईडी. त्यात सावळी माणसं जांभळी दिसतात आणि गोरी माणसं आजारी. शिवाय आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगात ठेवलं की नवरदेवाच्या तोंडावर आडवे पट्टे उमटतात. संथ ठेवलं की नाचणारा मामेभाऊ नुसता धूर होऊन उरतो. या पट्ट्यांच्या आणि धुराच्या मधून वाट काढायची, वर फ्लॅशचा रंग जांभळ्याशी जुळवायचा, आणि हे सगळं 'जरा बाजूला' ऐकत. यालाच म्हणतात बटण दाबणं.

बरं, त्या बटणालाही आयुष्य असतं. यांत्रिक शटर साधारण दीड-दोन लाख उघडझापींसाठी बनवलेलं असतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत चारेक हजार क्लिक सहज होतात. भागाकार करा. चाळीस-पन्नास संसार उभे करता करता आमच्या शटरचा संसार आटोपतो. हे सांगितलं की गिऱ्हाईक सहानुभूतीने मान डोलावतं आणि म्हणतं, ''मग फोटो कमी काढा, पण पैसे कमी करा.''

डीजेवाल्याचे पैसे आधी, नाहीतर तो वायर काढतो. आचाऱ्याचे पैसे ताटावर मोजून, नाहीतर मठ्ठा येत नाही. फोटोवाल्याचं 'आपण नंतर बसून बघू'. गीतेतला निष्काम कर्मयोग भगवंतांनी फक्त छायाचित्रकारांसाठी सांगितला होता, अशी या घरांतून पक्की समजूत आहे. जेवायला आम्ही शेवटच्या पंगतीनंतर. तोवर जिलबी संपलेली असते आणि मांडववाला पायाखालची सतरंजी ओढत असतो. एखादी मावशी मात्र आठवणीने विचारते, ''त्या पोरांना वाढलं का रे?'' महाराष्ट्रातला छायाचित्रण व्यवसाय अशा मावश्यांमुळे टिकून आहे. जीएसटी परिषदेने याची दखल घेतलेली नाही.

फोटो हातात पडले की दुसरा अंक. ''सगळं नॅचरल हवं हं, उगाच एडिटिंग नको.'' ठीक. दोन मिनिटांनी, खालच्या आवाजात: ''फक्त हिला जरा गोरी करा.'' मुलीला पसंत करताना 'रंगाचं आम्ही काही बघत नाही' म्हणणारी हीच माणसं. बघत नाहीत, पण अल्बममध्ये मात्र तिला मावशीच्या साडीच्या काठाहून फिकी पाहायची असते! मी मुलीचा रंग बदलत नाही, जांभळा एलईडी तेवढा उतरवतो, असं स्पष्ट सांगितलं की चेहरे पडतात. मग पुढच्या मागण्या. अमक्याचं पोट आत घ्या. तमक्याचे मिटलेले डोळे उघडा. दुबईचे मामा आले नव्हते, त्यांना दुसऱ्या रांगेत उभे करा, एआयने होतं म्हणे. आणि त्या धाकट्या जावयाला काढून टाका, कोर्टात केस चालू आहे. नॅचरल!

आणि हे सगळं कसं पाठवायचं? ''ओरिजनल क्वालिटीत द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.'' एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची, अशा चार हजार, म्हणजे शंभर जीबीच्या वर. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप पिळून एवढासा करून टाकतं. तो पुढे अकरा ग्रुपांतून फिरतो, तिथून कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं, तो स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे येतं आणि म्हणतं, ''फोटो फाटतोय हो. तुमचा कॅमेरा बरोबर नाही वाटतं.''

सार्वजनिक कार्यक्रम हा याच्या वरचा वर्ग. इथे घटना घडतच नाही, घडल्याचा फोटो तेवढा घडतो. शाल घालणारा सत्कारमूर्तीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. सत्कारमूर्तीही माझ्याकडेच बघतो. त्यामुळे शाल कधी खांद्यावर पडते, कधी पुष्पगुच्छ धरून उभ्या असलेल्या मुलीवर. वृक्षारोपणात एका रोपाला अठरा हात लागतात आणि रोपाला त्यानंतर कुणाचाच हात लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात खड्डा तोच असतो, साहेब तेच असतात, मीही तोच असतो. बदललेलं असतं ते फक्त रोप.

मानधनाचं विचारलं की साहेबांचा पीए गालात हसतो. ''आपलंच कार्य आहे. तुमचं नाव होईल.''

तर या नावाची गंमत ऐका. भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याचं 17 वं कलम म्हणतं की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक मोबदला देणारा. म्हणजे लग्नाचे पैसे दिलेत, विषय संपला, कॉपीराइट तुमचा. माझी तक्रार नाही. पण मोबदला दिलाच नसेल तर? तर फोटो काढणाऱ्याचा. म्हणजे ज्या साहेबांनी 'आपलंच कार्य' म्हणून मला फुकट राबवलं, त्यांची साताऱ्याच्या पोवई नाक्यावर दोन मजले उंच फ्लेक्सवर झळकणारी छबी, गॉगल आणि मिशांसकट, कायद्याने माझ्या मालकीची आहे! चार हजार रुपये वाचवण्यासाठी माणसाने स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क सोडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. याच कायद्याचं 57 वं कलम आणखी पुढे जातं. हक्क विकून टाकला तरी 'हे काम माझं' असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. आता त्या फ्लेक्सकडे बघा. साहेबांच्या पायाशी तीसेक शुभेच्छुकांची मुंडकी आहेत, नावानिशी. कोपऱ्यात फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाइल नंबर आहे. एका शुभेच्छुकाचं नाव तर दोनदा आहे. फोटो काढणाऱ्याचं? 'तुमचं नाव होईल' हे वचन पाळायला चार इंच जागा लागली असती.

आता तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकं अडाणी असतील, पण जाणकारांचं काय? जाणकारांकडेच येतोय. कारण मी शिकवतोही. शिकवणं म्हणजे रोज 'सर, सेटिंग सांगा ना' या चार शब्दांना तोंड देणं. उजेड कुठून येतोय ते बघायचं नाही, माणूस काय करतोय ते बघायचं नाही, आकडे सांगा. कालच्या संध्याकाळी घाटात लागलेले आकडे आज दुपारी मंगल कार्यालयात लावायचे आणि फोटो काळा आला की म्हणायचं, लेन्स बदलायला हवी. लेन्स बदलते. बापाच्या खिशातून बदलते. फोटो काळाच येतो. मग एक दिवस विद्यार्थी जाहीर करतो की तो 'नॅचरल लाइट फोटोग्राफर' आहे. भाषांतर करून सांगतो: त्याला फ्लॅश वापरता येत नाही.

दोन रविवारांत 'प्रोफेशनल' करून देणारे एक महागुरू आमच्या भागात आहेत. पहिल्या रविवारी परिचय आणि चहा, दुसऱ्या रविवारी मॉडेल आणि प्रमाणपत्र. मधल्या आठवड्यात विद्यार्थ्याने 'व्हिजन' विकसित करायची. त्यांच्या प्रमाणपत्र वाटपाचे फोटो काढायला त्यांनी कुणाला बोलावलं असेल? मला. वर्गात नव्याने घडलेले तीस प्रोफेशनल हजर होते, पण हॉलमध्ये अंधार होता म्हणे. मानधन? आपलंच कार्य.

हे महागुरू लग्नाच्या फोटोंना नाक मुरडतात. तिथे कला नाही म्हणतात. कला कुठे असते? वारीत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते आणि चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. तिथे जाऊन बघा. डोक्यावर तुळस घेतलेली एक सुरकुतलेली मावशी, आणि तिच्याभोवती अकरा लेन्स. फोटो कृष्णधवल, सुरकुत्या संगणकावर आणखी खोल केलेल्या, शीर्षक 'श्रद्धा'. पुढच्या वर्षीचं शीर्षकही 'श्रद्धा'. त्या मावशीला आजवर तीन-चार स्पर्धांत पदकं मिळाली असतील आणि तिला एक फोटोसुद्धा मिळालेला नसेल. मी लग्नात निदान अल्बम देतो. उशिरा देतो, पण देतो.

श्रावण-भाद्रपदात हीच कला कासला चढते. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं पठार. तिथे सीतेची आसवं या इवल्याशा फुलाचा जवळून फोटो घ्यायला कलावंत वाट सोडून पालथा पडतो. पोटाखाली आणखी वीस-पंचवीस आसवं आणि तेरड्याचा एक ताटवा. त्याच फोटोखाली ओळ: 'निसर्ग जपा'. निसर्ग त्याच्या शर्टाला चिकटलेला असतो.

एकेकाळी या कामाला विद्या मानत होते. दागेरची फोटो काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली 1839 च्या ऑगस्टमध्ये. पंधरा वर्षांत, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. वैद्यक जाणणारा, शिलालेख वाचणारा, नाणी पारखणारा माणूस. त्या काळी काचेवर ओलं रसायन चढवायचं आणि ते वाळायच्या आत फोटो घेऊन, धुऊन मोकळं व्हायचं. त्या काचेला सेटिंग विचारायची सोय नव्हती. उजेड समजला नाही तर हातात काच उरायची. आज हातात प्रमाणपत्र उरतं.

असो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा मोसम सुरू होतो, फोन येऊ लागतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. यंदा दर वाढवला आहे. अर्धे पैसे तारीख धरताना, उरलेले मुंडावळ्या बांधायच्या आधी. नवरी जशी आहे तशीच दिसेल. आपलं कार्य असेल तर दर तोच. आणि साहेबांच्या पीएने पोवई नाक्यावरचा फ्लेक्स एकतर उतरवावा, नाहीतर पैसे घेऊन यावं. मी दुकानात रात्री नऊपर्यंत असतो.