मंदी शहरात आली, वावर आमचे अडकले



मंदी आली की नागपूरच्या वर्तमानपत्रांत ठरलेल्या बातम्या येतात. अमक्या इमारतीचे काम थांबले, तमक्या कंपनीने मुहूर्त पुढे ढकलला, फ्लॅटचे भाव उतरले. २००८-०९ साली अशा बातम्यांचे रतीबच लागले होते. त्या सगळ्या बातम्यांत एक माणूस मात्र कुठे दिसला नाही. ज्याच्या वावरावर ते काम थांबले होते, तो. त्याचा हिशेब आम्ही या बैठकीपुढे मांडतो आहोत. जुने उगाळण्याची हौस म्हणून नव्हे. नागपूरच्या वेशीवर पुन्हा मोजणी होऊ घातली आहे, म्हणून.

२००२ साली राज्य सरकारने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली आणि मिहान प्रकल्पाचे काम तिच्याकडे दिले. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून देशभराचा माल विमानाने इथे उतरणार आणि इथून जाणार. शेजारी विशेष आर्थिक क्षेत्र, त्यात संगणकाच्या कंपन्या, विमानदुरुस्तीचा कारखाना, निवासी संकुले. आराखडा चार हजार हेक्टरांच्या वर. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या शिवारांत भूसंपादनाच्या नोटिसा गेल्या. ज्या जमिनीवर पऱ्हाटी, तूर, ज्वारी उभी राहात होती, तिचा भाव शेतजमीन म्हणून ठरला. पुढे ती विकली गेली ती कारखान्याची आणि बंगल्याची जमीन म्हणून. या दोन भावांतला फरक कोणाच्या खिशात गेला, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

मग २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि तिथला वारा इथवर पोचला. ज्यांनी मिहानमध्ये जागा घेतल्या होत्या त्यांतल्या अनेकांनी हात आखडता घेतला. सत्यम कंपनीनेही तिथे जमीन घेतली होती. ७ जानेवारी २००९ ला तिच्या अध्यक्षाने हिशेबातली हेराफेरी स्वतःच कबूल केली आणि ती कंपनीच दुसऱ्याच्या हाती गेली. बोईंगच्या विमानदुरुस्ती कारखान्याची घोषणा एअर इंडियाच्या २००६ च्या विमानखरेदीबरोबर गाजली होती. कारखाना तयार व्हायला २०१५ उजाडले. २००२ पासून वीस वर्षे उलटली तरी दुसरी धावपट्टी झाली नव्हती. मधल्या काळात घेतलेल्या जमिनीवर कुंपण होते, पाटी होती आणि गवत होते.

आता मंदीत कोणाला काय मिळाले ते पाहा. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ऑक्टोबर २००८ मधल्या ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. डिसेंबर २००८ मध्ये सरकारने उत्पादन शुल्क ४ टक्क्यांनी उतरवले. त्याच महिन्यात व्यापारी बांधकामाच्या थकणाऱ्या कर्जांची फेरमांडणी करण्याची खास सवलत बँकांना मिळाली. बिल्डरचे काम थांबले तर त्याला मुदत वाढवून मिळाली आणि खातेही बुडीत ठरले नाही. ज्यांनी जागा घेऊन कारखाना काढला नाही, त्यांच्याही मुदती वाढत राहिल्या.

शेतकऱ्यालाही त्याच वर्षी कर्जमाफी दिली होती, असे कोणी म्हणेल. दिली होती. पण पूर्ण माफीची अट होती दोन हेक्टरांची. ओलिताचा पाच एकरवाला बागाईतदार त्यात बसला आणि दहा एकर कोरडवाहूवाला आमचा माणूस ‘मोठा शेतकरी’ ठरून बाहेर राहिला. त्याला पाऊणशे टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट घ्या, असे सांगितले गेले. ज्याच्याकडे शंभरातले पंचाहत्तर असते, तो थकला कशाला असता?

खरे तेही सांगितले पाहिजे. २००८-०९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३,००० रुपये क्विंटल केला होता, आणि जगाच्या बाजारात भाव कोसळले तेव्हा भारतीय कपास निगमने सुमारे ८९ लाख गाठींची विक्रमी खरेदी केली. ज्याच्या घरात कापूस होता त्याला त्या मंदीत एवढा तरी टेकू मिळाला. पण ज्याचे वावर मिहानच्या कुंपणात गेले होते, त्याच्या घरात विकायला कापूसच नव्हता. हाती आलेला पैसा लग्नात, घरात, देण्याघेण्यात गेला. वावर होते तोवर एक हंगाम बुडाला तर पुढचा पेरता येत होता. पैसा काही दरसाल उगवत नाही.

आम्ही कारखान्याच्या विरोधात आहोत असा अर्थ कोणी काढू नये. नागपूरला उद्योग आला तोच मुळी आमच्या कापसामुळे. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि दहा वर्षांत, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा गिरण्या मुंबईत काढायची रीत होती. त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस इथे पिकत होता आणि कोळसाही लांब नव्हता. सव्वाशे वर्षे त्या गिरणीच्या भोंग्यावर नागपूरच्या अनेक वस्त्यांची घड्याळे चालली. १९८६ मध्ये टाटांनी ती सोडली, सरकारी महामंडळाने चालवायला घेतली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. त्या जागेवर मॉल उभा राहिला. गिरणी बंद पडली तेच साल मिहानची कंपनी निघाल्याचे. आमच्या मालाला हात लावणारा कारखाना गेला आणि आमच्या जमिनीला हात लावणारी योजना आली. बुटीबोरीला सगळ्यात मोठ्या कारखान्यांतला एक निघाला, तोही पॉलिएस्टरचा!

मिहानमध्ये काहीच झाले नाही, असेही आम्ही म्हणत नाही. पुढे टीसीएस आली, एचसीएल आली, एम्स झाले. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचे लोकार्पण झाले आणि आमची माणसे तिथे औषधपाण्याला जातात. आमचा प्रश्न एवढाच की वाट पाहण्याची किंमत कोणी मोजली? धंद्यात जोखीम असतेच. नफा ज्याचा, जोखीम त्याची, हा बाजाराचा साधा नियम. इथे नफा कंपनीचा, श्रेय पुढाऱ्याचे आणि जोखीम तेवढी शेतकऱ्याची, असा उलटा धंदा झाला.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेली जमीन परत करण्याचे कलम आहे, १०१ वे. ते नीट वाचा. जमीन मूळ मालकाला, त्याच्या वारसाला ‘किंवा’ सरकारच्या जमीन बँकेला परत करायची, असे त्यात आहे. त्या एका ‘किंवा’मध्ये सगळी ग्यानबाची मेख आहे.

मग करायचे काय? दुसरी वाट आहे आणि ती महाराष्ट्रातच चालून दाखवलेली आहे. पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठेवला. जमीन विकून ते बाजूला झाले नाहीत, नगराचे भागीदार झाले. पुण्याची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. वेगळी आहेच. पण वावर मक्त्याने द्यावे की बटईने, हे आमच्या अडाणी आजोबालाही कळत होते. बटईत पीक बुडाले तर दोघांचे बुडते, आणि काही झाले तरी धुरा आपलाच राहतो.

हा विषय आज का काढला, ते आता सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या गोधनी आणि लाडगाव शिवारात सुमारे ६९२ हेक्टरांवर ‘नवीन नागपूर’ नावाचे व्यापारी केंद्र उभारायला मंजुरी दिली. चित्रे छान असतात. मिहानचीही छान होती.

म्हणून प्रत्येक गावाने मोजणीवाल्याला बसायला चटई द्यावी, पाणी द्यावे आणि सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. सगळी जमीन एकदम कशाला, पहिला टप्पा उभा राहिल्यावर दुसरा का नाही? विकत कशाला, दीर्घ मुदतीच्या भाड्याने किंवा हिश्श्याने का नाही? काम थांबले तर जमीन कोणाला आणि किती दिवसांत परत, हे करारात ‘किंवा’ न घालता लिहून देता का? आणि उद्या मंदी आली तर कंपनीला जशी मुदतवाढ, तशी आम्हाला दरसाल नुकसानभरपाई देणार का?

उत्तरे तोंडी मिळाली तर सहीही तोंडीच करा. मंदी पुन्हा येणार आहे, बाजार म्हटला की ती येतेच. ती येईल त्या दिवशी आपले वावर कोणाच्या नावावर असेल, हे मात्र आज ठरते आहे.